विश्लेषण : चाळीस वर्षे शोधूनही डार्क मॅटरचा कण का सापडत नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘डार्क मॅटर अखेर दिसले’ अशा अर्थाच्या बातम्या जगभरातील मोबाइलवर फिरल्या. टोकियो विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ तोमोनोरी तोतानी यांनी नासाच्या फर्मी दुर्बिणीच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासून हा दावा केला होता. आपल्या आकाशगंगेभोवती गॅमा किरणांचे एक फिकट वलय दिसते आणि ते डार्क मॅटरच्या कणांमुळे असू शकते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील ‘एलझेड’ प्रयोगाने आपल्या ४१७ दिवसांच्या नोंदींचा निकाल जाहीर केला. हलक्या वजनाच्या डार्क मॅटर कणांचा मागमूस नाही, असा तो निकाल होता. या दुसऱ्या बातमीची फारशी चर्चा झाली नाही.

मग नेमके खरे काय? डार्क मॅटर सापडले की नाही? ते ज्या कणांचे बनले असावे असे मानले जाते, ते कण कोणते? आणि इतक्या वर्षांत एकही हाती का लागला नाही?

डार्क मॅटर आहे, हे कशावरून?

डार्क मॅटरला मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात. ते काळे आहे असा त्याचा अर्थ नाही. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही आणि परतवतही नाही. दिसतो तो फक्त त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम.

स्विस खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये ‘कोमा’ या दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने तो समूह एकत्र राहणे शक्यच नव्हते. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वेग मोजले. केंद्रापासून दूर जावे तसा वेग घटायला हवा होता, पण तो जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे न दिसणारे काही तरी तिथे होते आणि ते दिसणाऱ्यापेक्षा बरेच जास्त होते.

या पुराव्यात महाराष्ट्रातील एका दुर्बिणीचीही भर आहे. नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’ या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने अनेक फिकट, छोट्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायूचा नकाशा आणि वेग मोजला आहे. कुठे किती कृष्णद्रव्य असावे, याचा हिशेब अशा मोजमापांवरूनच मांडला जातो.

युरोपच्या ‘प्लँक’ उपग्रहाच्या मोजमापानुसार विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली कृष्ण ऊर्जा आहे. तारे, ग्रह, समुद्र, आपण सगळे त्या ५ टक्क्यांत आलो.

ते नव्या कणांचेच असेल, असे का मानतात?

न दिसणारे द्रव्य म्हणजे विझलेले तारे, भटके ग्रह किंवा थंड वायू का नसावा, हा पहिला स्वाभाविक प्रश्न. १९९० च्या दशकात अशा अंधाऱ्या गोळ्यांचा कसून शोध घेण्यात आला. काही सापडले, पण कृष्णद्रव्याचा हिशेब पूर्ण करण्याइतके नाही.

महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती हायड्रोजन आणि किती हेलियम तयार झाले, यावरून साध्या द्रव्याचा एकूण साठा ठरतो. तो ५ टक्क्यांच्या आसपासच येतो. उरलेले द्रव्य अणूंचे असूच शकत नाही.

न्यूट्रिनो हा न दिसणारा कण आपल्याला माहीत आहे. पण तो अतिशय हलका आणि वेगवान आहे. कृष्णद्रव्य न्यूट्रिनोंचेच असते, तर सुरुवातीच्या विश्वात द्रव्याच्या छोट्या गुठळ्या टिकल्याच नसत्या आणि आज दिसतात तशा दीर्घिका घडल्या नसत्या. म्हणून यादीत नसलेला, नवा मूलकण शोधावा लागतो. त्यासाठी तीन मुख्य दावेदार आहेत.

पहिला दावेदार : विम्प

‘विम्प’ म्हणजे वजनदार, पण इतर द्रव्याशी फारच क्षीण संबंध ठेवणारा कण. प्रोटॉनच्या काही पट ते हजारो पट वजनाचा. तो लाडका ठरला त्याला कारण आहे. सुरुवातीच्या तप्त विश्वात असे कण तयार झाले आणि एकमेकांवर आदळून नष्टही होत गेले, असे धरून हिशेब केला, तर आज जेवढे कृष्णद्रव्य आहे साधारण तेवढेच शिल्लक उरते. हा मेळ इतका चांगला बसला, की भौतिकशास्त्रज्ञ त्याला ‘विम्पचा चमत्कार’ म्हणू लागले. शिवाय ‘सुपरसिमेट्री’ या सिद्धान्तातूनही असाच कण आपसूक बाहेर पडत होता.

असे कण असतील तर ते आपल्या घरातही आहेत. आपल्या परिसरात कृष्णद्रव्याची घनता दर तीन घन सेंटिमीटरला सुमारे एका प्रोटॉनच्या वजनाइतकी धरली जाते. विम्प १०० प्रोटॉनांइतका जड मानला, तर एक लिटरच्या बाटलीत कोणत्याही क्षणी साधारण तीन विम्प असतील. सूर्यमाला सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने आकाशगंगेभोवती फिरते आहे. हा हिशेब पुढे नेला, तर तुमच्या हातातील मोबाइलच्या पडद्यातून दर सेकंदाला साठ-सत्तर लाख विम्प आरपार जात असतील. आकडा मोठा वाटतो, पण पृथ्वीएवढ्या आकारमानात त्यांचे एकूण वजन जेमतेम अर्धा किलो भरते.

विम्प पकडायचा कसा?

इतक्या कणांपैकी एखादा तरी कधी ना कधी अणूच्या केंद्रकाला धडकेल, ही कल्पना १९८५ मध्ये मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी मांडली. धडकेने केंद्रक किंचित हलेल आणि तो धक्का मोजता येईल. अडचण अशी, की वैश्विक किरणांचा आणि आसपासच्या किरणोत्साराचा गोंगाट त्या धक्क्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून हे प्रयोग जमिनीखाली, जुन्या खाणींत आणि डोंगरांच्या पोटात केले जातात.

एलझेड प्रयोग अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यात होमस्टेक या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खोल आहे. टायटॅनियमच्या टाकीत उणे १०० अंश सेल्सियसच्या आसपास थंड केलेला १० टन द्रवरूप झेनॉन आहे. एखाद्या कणाने झेनॉनच्या केंद्रकाला धक्का दिला, की आधी प्रकाशाचा एक क्षीण झबका उठतो. सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने वर ओढले जातात आणि पृष्ठभागाशी दुसरा झबका उठतो. वर आणि खाली बसवलेल्या ४९४ प्रकाशनलिका दोन्ही झबके टिपतात. दोहोंमधील वेळ आणि त्यांची तीव्रता यांवरून धडक नेमकी कुठे झाली आणि कशामुळे झाली, ते कळते. काठाजवळच्या धडका बाद करायच्या आणि मधल्या शांत भागातल्या मोजायच्या, असा हा खेळ आहे.

इटलीतील ग्रान सासो डोंगराखाली ‘झेनॉन-एनटी’ आणि चीनमधील जिनपिंग प्रयोगशाळेत सुमारे २,४०० मीटर खडकाखाली ‘पांडा-एक्स ४टी’ हे प्रयोगही याच तत्त्वावर चालतात.

आजवर हाती काय लागले?

विम्प एकही नाही. पण या ‘नाही’ला आकडा आहे, आणि तोच या शोधाचा खरा निकाल आहे.

एलझेडने २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदींचा निकाल दिला. विम्प असलाच, तर एका प्रोटॉन वा न्यूट्रॉनला धडकण्यासाठीचे त्याचे ‘लक्ष्य-क्षेत्रफळ’ किती छोटे असले पाहिजे, याची वरची मर्यादा त्यांनी ठरवली. सुमारे ४० प्रोटॉनांइतक्या वजनाच्या कणासाठी ती २.२ गुणिले १० चा उणे ४८ वा घात चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दशांशचिन्हानंतर ४७ शून्ये आणि मग २२. यापेक्षा मोठे क्षेत्रफळ सांगणारा प्रत्येक सिद्धान्त त्या वजनापुरता बाद झाला.

याच होमस्टेक खाणीत १९८० च्या दशकात जर्मेनियमचा छोटा डिटेक्टर वापरून अशा शोधाची सुरुवात झाली होती आणि १९८७ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला होता. तेव्हापासून ही मर्यादा लाखो पटींनी खाली आली आहे. साध्या भाषेत सांगायचे तर हरवलेली किल्ली अजून सापडलेली नाही, पण कोणकोणत्या खोल्यांत ती नाही, हे आता पक्के माहीत आहे. दुसरीकडे जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला, पण सुपरसिमेट्रीचे कण अद्याप दिसलेले नाहीत. विम्पच्या बाजूने जो मोठा सैद्धान्तिक आधार होता, तो त्यामुळे सैल झाला.

मग सापडल्याच्या बातम्यांचे काय झाले?

ग्रान सासो येथील ‘डामा’ प्रयोग १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एक गोष्ट सांगतो आहे. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांमधील धडका जूनच्या सुमारास वाढतात आणि डिसेंबरच्या सुमारास घटतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कृष्णद्रव्याच्या वाऱ्याला कधी सामोरी जाते, कधी पाठमोरी, म्हणून असे घडणे अपेक्षितच होते. पण दक्षिण कोरियातील ‘कोसाइन’ आणि स्पेनमधील ‘अनाइस’ या प्रयोगांनी त्याच जातीचे स्फटिक वापरले, तेव्हा त्यांना हा चढउतार दिसला नाही.

दुसरे उदाहरण २०२० चे. झेनॉन-एनटीच्या आधीच्या ‘झेनॉन-१टी’ या डिटेक्टरमध्ये कमी ऊर्जेच्या सुमारे २३२ घटना अपेक्षित असताना २८५ दिसल्या. सूर्यातून येणारे अ‍ॅक्झिऑन कण हे एक स्पष्टीकरण होते. टाकीत ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनचा अत्यल्प अंश राहिला असावा, हे दुसरे. संशोधकांनी दोन्ही शक्यता उघडपणे मांडल्या. बातम्यांमध्ये मात्र पहिलीच गाजली. २०२२ मध्ये झेनॉन-एनटी या अधिक स्वच्छ डिटेक्टरने तोच भाग पुन्हा तपासला, तेव्हा जादा घटना नाहीशा झालेल्या होत्या.

तोतानी यांच्या गॅमा किरणांकडे याच नजरेने पाहायला हवे. त्यांच्या हिशेबानुसार हा कण प्रोटॉनच्या सुमारे ५०० पट जड असावा. तसे असेल, तर आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या छोट्या, कृष्णद्रव्याने भरलेल्या दीर्घिकांमधूनही तसाच प्रकाश यायला हवा. इतरांनी स्वतंत्र तपासणी करून तेच पाहिल्याशिवाय याला शोध म्हणता येणार नाही.

‘न्यूट्रिनोंचे धुके’ ही काय भानगड?

विम्पच्या शोधाला आता निसर्गानेच एक कुंपण घातले आहे. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो झेनॉनच्या केंद्रकाला धडकले, की तो धक्का हलक्या विम्पच्या धक्क्यासारखाच दिसतो. खडकाने न्यूट्रिनो अडत नाहीत, त्यामुळे कितीही खोल गेले तरी सुटका नाही.

२०२४ मध्ये झेनॉन-एनटी आणि पांडा-एक्स या दोघांनाही अशा न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली. डिसेंबर २०२५ मध्ये एलझेडनेही अधिक ठळक पुरावा दिला. योगायोग असा, की एलझेड ज्या भूमिगत दालनात आहे, त्याच दालनात रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकापासून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले होते आणि त्यासाठी त्यांना २००२ चे नोबेल मिळाले. त्या काळी जे सापडावे म्हणून आटापिटा केला, तोच आज वाटेतला अडथळा ठरतो आहे. अर्थात, कृष्णद्रव्यासाठी बांधलेले यंत्र सूर्याच्या गाभ्याचीही माहिती देऊ लागले, ही कमाईच म्हणायची.

दुसरा दावेदार : अ‍ॅक्झिऑन

अ‍ॅक्झिऑनचा जन्म कृष्णद्रव्यासाठी झालाच नव्हता. न्यूट्रॉनमध्ये धन आणि ऋण प्रभार किंचित बाजूला सरकलेले असावेत, अशी मुभा प्रचलित सिद्धान्त देतो. प्रत्यक्ष मोजमापात तसे काहीही दिसत नाही. हा नेमका शून्य कुठून आला, याचे उत्तर रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी १९७७ मध्ये सुचवले. त्या उत्तरातून एक नवा कण निघतो, हे स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी १९७८ मध्ये दाखवले. या कणाने सिद्धान्तावरचा डाग धुऊन निघतो, म्हणून विल्चेक यांनी त्याला कपडे धुण्याच्या एका पावडरचे नाव देऊन टाकले.

अ‍ॅक्झिऑन विम्पच्या अगदी उलट आहे. तो इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो कोटी पटींनी हलका असू शकतो. तो इतका हलका असेल, तर एका घन सेंटिमीटरमध्ये शंभर लाख कोटींच्या घरात अ‍ॅक्झिऑन असतील. तेव्हा धडक मोजण्यात अर्थ नाही, लहर पकडावी लागते.

पिएर सिकिवी यांनी १९८३ मध्ये त्याची युक्ती सांगितली. तीव्र चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्झिऑनचे रेडिओ लहरीत रूपांतर होऊ शकते. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ‘एडीएमएक्स’ प्रयोगात शक्तिशाली चुंबकाच्या आत तांब्याचा मुलामा दिलेली, निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेली पोकळी आहे. आतील दांडे सरकवून ती वेगवेगळ्या वारंवारितांना जुळवली जाते. जुन्या रेडिओचे बटण हळूहळू फिरवत स्टेशन शोधावे, तसेच हे काम. फरक एवढाच, की स्टेशन कोणत्या आकड्यावर आहे आणि मुळात आहे की नाही, ते कोणालाच माहीत नाही.

२०१८ मध्ये एडीएमएक्सने ६५० ते ६८० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा पुरेशा संवेदनक्षमतेने तपासल्याचे जाहीर केले. हा पट्टा आपल्या मोबाइल सेवेच्या ७०० मेगाहर्ट्झ बँडच्या शेजारचाच. तिथे अ‍ॅक्झिऑन नव्हता. संभाव्य वारंवारितांचा पल्ला मात्र याच्या कितीतरी पट मोठा आहे. म्हणजे विम्पची बरीच जागा तपासून झाली आहे, तर अ‍ॅक्झिऑनची बहुतेक जागा अजून बाकी आहे.

तिसरा दावेदार : स्टराइल न्यूट्रिनो

ज्ञात न्यूट्रिनो तीन प्रकारचे आहेत. चौथा, अधिक जड आणि गुरुत्वाकर्षणाखेरीज जवळपास कशालाच दाद न देणारा न्यूट्रिनो असू शकतो, असा हा प्रस्ताव आहे. तो फार सावकाश विघटित होऊन क्ष-किरण देईल, अशी अपेक्षा आहे. २०१४ मध्ये दोन गटांना दीर्घिकासमूहांकडून येणाऱ्या क्ष-किरणांत ३.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एक अनोळखी रेषा दिसली आणि खळबळ उडाली. २०१६ मध्ये जपानच्या ‘हितोमी’ उपग्रहाने ययाती तारकासमूहातील दीर्घिकासमूहाकडे अधिक बारीक नजरेने पाहिले. सांगितली गेली तितकी ठळक रेषा त्याला दिसली नाही. महिन्याभरातच तो उपग्रह निकामी झाला. २०२३ मध्ये सोडलेला ‘क्रिझम’ उपग्रह आता तेच काम पुढे नेत आहे.

भारतात काय चालले आहे?

भूगर्भातील कणसंशोधनात भारत एकेकाळी आघाडीवर होता. कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. असे न्यूट्रिनो सर्वप्रथम टिपणाऱ्या जगातील दोन प्रयोगांपैकी तो एक होता. पुढे खाणकाम परवडेनासे झाले आणि २००१ मध्ये कोलारची खाण बंद झाली.

सध्या झारखंडमधील जादुगुडा येथील युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटची छोटी भूमिगत प्रयोगशाळा आहे. तिथे अतितप्त द्रवाचे डिटेक्टर वापरून कृष्णद्रव्याचा शोध घेतला जातो. उकळण्याच्या बेतात असलेल्या द्रवाच्या थेंबाला एखाद्या कणाचा धक्का बसला, की त्याचा बुडबुडा होतो. हे प्रयत्न एलझेडच्या तुलनेत लहान आहेत, पण हलक्या कणांच्या शोधात अशा डिटेक्टरांना जागा आहे.

असा कण नसेलच तर?

ही शक्यता गंभीरपणे घ्यायला हवी. १८४६ मध्ये युरेनसच्या कक्षेतील गडबडीवरून न दिसणाऱ्या ग्रहाचे भाकीत करण्यात आले आणि नेपच्यून सापडला. त्याच ले व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील गडबडीसाठीही ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह सुचवला. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले, की ग्रह नव्हे, गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारायला हवा होता.

कृष्णद्रव्य नेपच्यून आहे की व्हल्कन? मोर्दहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलण्याचा पर्याय मांडला. एकेकट्या दीर्घिकांच्या वेगांचे तो चांगले स्पष्टीकरण देतो. दीर्घिकासमूह आणि विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश यांच्यापुढे मात्र तो अडखळतो. ‘बुलेट’ समूहात दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीत वायू मध्ये अडकला आणि गुरुत्वाकर्षणाचा जोर बाजूंना पुढे निघून गेला, असे २००६ मध्ये दिसले. त्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञ अजूनही कणांच्याच बाजूने आहेत.

पुढची बातमी कशी वाचायची?

झेनॉनवर काम करणारे गट एकत्र येऊन सुमारे ६० टनांच्या डिटेक्टरची आखणी करत आहेत. तो झाला, तर विम्पचा शोध न्यूट्रिनोंच्या धुक्यापर्यंत पोहोचेल. अ‍ॅक्झिऑनसाठी नवनव्या वारंवारितांची यंत्रे उभी राहत आहेत. न्यूट्रिनोचे भाकीत १९३० मध्ये झाले, तो १९५६ मध्ये सापडला. हिग्ज बोसॉनला १९६४ ते २०१२ अशी ४८ वर्षे लागली. त्या मानाने चाळीस वर्षे खूप नाहीत. मात्र वाट पाहिली म्हणून कण सापडेलच, अशी हमीही नाही.

तोवर ‘डार्क मॅटर सापडले’ अशा बातम्या येतच राहतील. मोबाइलवर अशी बातमी आली, की तीन गोष्टी पाहाव्यात. साध्या कारणांनी किती घटना अपेक्षित होत्या, हे दिले आहे का? दुसऱ्या कोणी, दुसऱ्या यंत्राने तेच पाहिले आहे का? आणि आधीच्या ‘नाही’च्या आकड्यांशी हा दावा जुळतो का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर ती बातमी खरोखर शतकातली मोठी ठरेल. आजपर्यंत एकाही दाव्याला ही तिन्ही उत्तरे मिळालेली नाहीत.